वळसा घेऊन जाणारं तिकीट

मुंबईहून कोकण रेल्वेने मडगावला जायचं. दोन दिवस गोव्यात काढायचे. तिथून ब्रागांझा घाट चढून लोंढ्यामार्गे बेळगाव, पुढे मिरज, आणि मग सातारा, पुणे करत बोरघाट उतरून परत मुंबई. एकाच फेरीत तीन वेळा सह्याद्री भेटतो. एकदा त्याच्या पायथ्याने जाताना, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. महाराष्ट्रातून निघून आठवडाभरात पुरी होणारी यापेक्षा देखणी रेल्वेफेरी मला तरी माहीत नाही. पण ही कल्पना सांगितली की ऐकणारा हटकून म्हणतो, "हौस भारी आहे, पण एवढ्या वळशाचं तिकीट केवढ्याला पडेल!"

वळसा महाग पडतो तो बहुतेक वेळा तिकीट काढण्याच्या पद्धतीमुळे. प्रत्येक टप्प्याचं तिकीट सुटं काढलं तर रेल्वेच्या भाड्याची रचनाच तुमच्या विरुद्ध जाते. सगळा प्रवास एक म्हणून मांडला तर तीच रचना तुमच्या बाजूने काम करते. म्हणून आधी भाडं कसं आकारलं जातं ते पाहू.

रेल्वेचं भाडं अंतराच्या सरळ पटीत वाढत नाही. अंतर वाढतं तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. पहिले दोनशे किलोमीटर सगळ्यात महाग, सातशेनंतरचे दोनशे त्याहून बरेच स्वस्त. प्रवासाचे चार तुकडे करून चार तिकिटं काढली, की प्रत्येक वेळी सुरुवातीचा महाग पट्टा नव्याने भरावा लागतो.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक वर्गाला किमान आकारणीचं अंतर ठरलेलं आहे. स्लीपरला ते २०० किलोमीटर आहे, थ्री-टियर आणि टू-टियर एसीला ३००, चेअर कारला १५०. त्याहून कमी प्रवास केलात तरी पैसे तेवढ्याचे जातात. आता आपली फेरी घ्या. मडगाव ते बेळगाव साधारण १३४ किलोमीटर, बेळगाव ते मिरज १३८. दोन्ही टप्पे मिळून २७२ किलोमीटर. थ्री-टियर एसीची दोन सुटी तिकिटं काढलीत तर पैसे भराल ६०० किलोमीटरचे.

कोकण रेल्वेचीही एक खुबी आहे. त्या मार्गावर भाडं आकारताना प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरलं जातं. मुंबई ते मडगाव प्रत्यक्षात ५८० किलोमीटरच्या आसपास असलं, तरी आकारणीसाठी धरलेला आकडा साडेसातशेच्या पुढे जातो. त्यामुळे हिशेब करताना नकाशावरचं अंतर घेऊ नका, आकारणीचं घ्या. त्या हिशेबाने आपली पूर्ण फेरी साधारण १,५०० किलोमीटरची होते. हीच फेरी थ्री-टियरच्या चार सुट्या तिकिटांवर केली तर पैसे १,८०० च्याही वरच्या किलोमीटरचे जातात, आणि प्रत्येक तिकिटाचा महाग पहिला पट्टा वेगळा.

यावरचा उपाय रेल्वेच्या नियमांत फार जुन्या काळापासून आहे. त्याचं नाव सर्क्युलर जर्नी तिकीट, म्हणजे चक्राकार प्रवासाचं तिकीट. खिडकीवर सगळे त्याला सर्क्युलर तिकीटच म्हणतात. ज्या स्टेशनातून निघालात त्याच स्टेशनात प्रवास संपला पाहिजे, ही मुख्य अट. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरून मुक्काम करता येतो. तिकीट सगळ्या वर्गांचं मिळतं. भाड्याचा हिशेब तर फार उदार आहे. एकूण अंतराचे दोन समान भाग करायचे आणि प्रत्येक भाग म्हणजे एक एकेरी प्रवास असं धरायचं. आपली दीड हजार किलोमीटरची फेरी म्हणजे साडेसातशेची दोन तिकिटं. मधले आखूड टप्पे हिशेबातून नाहीसे होतात आणि किमान अंतराचा फटकाही बसत नाही.

मुदतीचा नियमही समजून घ्या, कारण तिकिटाची लवचिकता तिथेच आहे. प्रवासाचे दिवस दर ४०० किलोमीटरला एक असे मोजतात आणि मुक्कामाचे दिवस दर २०० किलोमीटरला एक. उरलेल्या भागासाठीही पूर्ण दिवस मिळतो. म्हणजे १,५०० किलोमीटरच्या तिकिटाला प्रवासाचे चार आणि मुक्कामाचे आठ, असे बारा दिवस मिळतात. मिरजेला एक दिवस जास्त राहावंसं वाटलं, किंवा गोव्यात कुणाला ताप आला, तर सगळा बेत कोसळत नाही.

यात आरक्षण येत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. सर्क्युलर तिकीट तुम्हाला त्या मार्गाने जाण्याचा हक्क देतं. बसायची, झोपायची जागा प्रत्येक टप्प्यासाठी आरक्षण खिडकीवर ते तिकीट दाखवून वेगळी घ्यावी लागते. तिचं आरक्षण शुल्क आणि गाडी सुपरफास्ट असेल तर तो अधिभार प्रत्येक टप्प्याला भरावा लागतो. स्लीपरला आरक्षणाचे २० रुपये आणि सुपरफास्टचे ३०, थ्री-टियर एसीला ४० आणि ४५. रक्कम लहान आहे, पण चार माणसं आणि चार टप्पे धरले की हिशेबात घ्यायलाच हवी. मुंबई-पुणे-मुंबईसारख्या लहान फेरीला या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही. फायदा दिसू लागतो तो टप्पे तीनपेक्षा जास्त असले, वर्ग एसीचा असला आणि मधले टप्पे आखूड असले की.

आता हे तिकीट मिळवायचं कसं? ऑनलाइन मिळत नाही. त्यासाठी विभागीय वाणिज्य व्यवस्थापकाच्या कार्यालयात किंवा मोठ्या स्टेशनच्या व्यवस्थापकाकडे अर्ज द्यावा लागतो. ते मार्ग तपासून भाड्याचा हिशेब ठरलेल्या नमुन्यावर करून देतात. तो कागद घेऊन बुकिंग ऑफिसात तिकीट काढायचं आणि मग आरक्षण खिडकीकडे जायचं. काही ठरलेल्या फेऱ्या विभागीय रेल्वेने आधीच आखलेल्या असतात. त्यातली एखादी जुळली तर काम लवकर होतं, म्हणून आपला मार्ग सांगण्याआधी त्यांची यादी मागून बघा.

पहिल्यांदा मी हे तिकीट मागायला गेले तेव्हा एका मोठ्या स्टेशनच्या खिडकीवर मला सरळ सांगितलं गेलं की असं तिकीट नसतंच. तास-दीड तास रांगेत उभं राहून हे ऐकताना फार वाईट वाटलं. नंतर कळलं की रोज हजारो साधी तिकिटं देणाऱ्या माणसासमोर असा अर्ज वर्षात एखादाच येतो. त्याला तो आठवत नसेल तर नवल नाही. तेव्हापासून मी खिडकीवर वाद घालत नाही. मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांना भेटायला मागते, दुपारची शांत वेळ निवडते आणि हातात स्वच्छ लिहिलेला कागद ठेवते. त्या कागदावर क्रमाने स्टेशनांची नावं आणि कोड, प्रत्येक टप्प्याची गाडी, तिचा क्रमांक, तारीख, मुक्कामाचं ठिकाण आणि वर्ग असावा. मार्ग तोंडी सांगू नका. "गोव्याहून पुण्याला" म्हटलं की समोरचा माणूस सहज परत पनवेलवरून पाठवेल. "मडगाव, कुळे, लोंढा, बेळगाव, मिरज, सातारा, पुणे" असं कागदावर असेल तर घोटाळा होत नाही.

वेळेचं गणित आरक्षणाच्या मुदतीवरून मांडा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं. पूर्वी ते १२० दिवस होतं. अर्जाच्या कामाला काही दिवस लागतात, म्हणून निघण्याच्या तीन महिने आधी कार्यालयात पहिला फेरा मारा. आरक्षण खुलं होईल त्या सकाळी सर्क्युलर तिकीट तुमच्या हातात असलं पाहिजे. आणखी एक सावधगिरी. जुन्या माहितीत ज्येष्ठ नागरिकांना मोठी सवलत असल्याचं वाचायला मिळतं. ती २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. आईवडिलांना घेऊन निघणार असाल तर हिशेब पूर्ण भाड्याचा करा. परदेशातून सुट्टीला येणारे काही जण अजून इंडरेल पासची चौकशी करतात. तोही २०१७ मध्ये बंद झाला आहे. त्यांच्यासाठीसुद्धा सर्क्युलर तिकीट हाच चांगला मार्ग आहे.

सगळ्यांनाच निघाल्या जागी परत यायचं नसतं. समजा मुंबईहून बंगळूरुला जायचंय, पण सोलापूरवरून नाही. कोकण रेल्वेने थेट मंगळूरू गाठायचं आणि तिथून सुब्रह्मण्य रोड ते सकलेशपूर हा घाट चढून हासनमार्गे बंगळूरू. या घाटात साधारण ५५ किलोमीटरमध्ये ५७ बोगदे आहेत आणि दोन बोगद्यांच्या मधे डोळे दिपवणारं हिरवं रान. इथे सर्क्युलर तिकीट चालणार नाही, पण साध्या एकेरी तिकिटावरचा मुक्काम, ज्याला खिडकीवर ब्रेक जर्नी म्हणतात, तो चालतो.

त्याचे नियम सोपे आहेत, पण काटेकोर आहेत. तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्तीचं हवं. पहिला मुक्काम ५०० किलोमीटर पार केल्यावरच. १,००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एक, त्याहून लांबच्या तिकिटावर दोन मुक्काम. प्रत्येक मुक्काम जास्तीत जास्त दोन दिवसांचा, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून. म्हणजे मुंबई-बंगळूरू तिकिटावर रत्नागिरीला उतरून चालणार नाही, कारण तिथे पाचशे भरत नाहीत. मडगावला उतरता येईल, पुढे मंगळूरूला उतरता येईल. राजधानी, शताब्दी, जनशताब्दी यांसारख्या गाड्यांत ही सोय नाही. उतरल्या स्टेशनात तिकिटावर स्टेशनमास्तरांकडून नोंद करून घ्यायची. हे लोक विसरतात आणि पुढच्या गाडीत तिकीट तपासनीसासमोर अडचण येते. उतरल्यावर आधी नोंद, मग रिक्षा, असा क्रम ठेवा. आणि हे तिकीट काढतानाच खिडकीवरच्या अर्जात मुक्कामाचं स्टेशन लिहा.

दोन गाड्या जोडून जायचं असेल आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्यायची सोय २०१९ पासून आहे. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचं शुल्क न कापता परत मिळू शकतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील अक्षरशः सारखा हवा. एका तिकिटावर आडनाव पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षर असं करू नका.

आता पुन्हा आपल्या फेरीकडे. तिकीट स्वस्त मिळालं आणि घाट रात्री गेला, तर वळसा कशाला घेतला? म्हणून माझा नियम असा की आधी देखावा कुठे आहे ते ठरवायचं, मग तो टप्पा दिवसा पार करणारी गाडी शोधायची, आणि मुक्काम त्यावरून आपोआप ठरू द्यायचे.

मुंबईहून निघताना मांडवी एक्सप्रेस धरा. सकाळी सुटते आणि कोकण सगळं उजेडात दाखवते. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झालेला रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग. समुद्र मात्र शोधू नका. महाराष्ट्रातल्या टप्प्यात रूळ किनाऱ्यापासून बरेच आत आहेत. इथे पाहायच्या त्या खाड्या, नद्या आणि त्यांच्यावरचे पूल. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा येतो आणि रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. तो येईल तेव्हा पुस्तक खाली ठेवा. या टप्प्यासाठी मी एसीपेक्षा स्लीपर किंवा सेकंड सीटिंग सुचवेन. काळपट, बंद काचेतून कोकण दिसतं, पण त्याचा वास येत नाही. सर्क्युलर तिकीट एसीचं काढायचं की स्लीपरचं याचा विचार करताना हाही मुद्दा धरा.

मडगावहून दुपारनंतर निघणारी गोवा एक्सप्रेस कुळे ते कॅसलरॉक हा २६ किलोमीटरचा ब्रागांझा घाट संध्याकाळच्या उजेडात चढते. चढ ३७ ला १ असा आहे. म्हणून कुळ्याला जादा इंजिनं लागतात, आणि गाडी इतकी सावकाश जाते की दूधसागर धबधबा नीट पाहता येतो. डिसेंबर-जानेवारीत अंधार लवकर पडतो, तेव्हा ही गाडी उशिरा असली तर घाट हुकेल हे गृहीत धरा. दूधसागरला खाली उतरायला रेल्वेने मनाई केली आहे. लोक रुळांवरून चालत जातात म्हणून तुम्हीही जाऊ नका. दारातही उभं राहू नका, बोगद्यात अंतर फार कमी असतं. मुलं बरोबर असतील तर हे घरीच सांगून ठेवा.

रात्री बेळगावला उतरा. गाडीतच बसून राहिलात तर पुढचा सगळा प्रवास झोपेत जाईल आणि पहाटे पुणे येईल. बेळगावात कुंदा घ्या, एक दिवस शहर पाहा आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला या. मिरजेचा मुक्काम बरेच जण टाळतात, मला तो फार प्रिय आहे. तंबोरे आणि सतारी घडवणारी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाळलेल्या भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते दुकानात उभं राहून बघायला मिळालं, तर फेरीचा तो दिवस रेल्वेइतकाच लक्षात राहतो.

मिरजेहून परतायला कोयना एक्सप्रेस. महालक्ष्मी सोयीची आहे, पण ती रात्रीची. कोयना सकाळी मिरज सोडते, दिवसभर सातारा जिल्ह्यातून रमतगमत पुण्याला येते आणि पुढे मुंबईला जाते. गाडी बदलायची गरज नाही. ही गाडी कुणी वेगासाठी पकडत नाही, त्यामुळे खिडकीची जागा मिळण्याची शक्यताही जास्त. शेवटचा बोरघाट, जिथून १८६३ मध्ये पहिल्यांदा रेल्वे गेली, तो उन्हाळ्यात उजेडात सापडतो, हिवाळ्यात अंधुक. तो नीट बघायचा असेल तर पुण्याला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने घाट उतरा. आठ मुक्कामांपैकी हा चौथाच असेल.

व्हिस्टाडोमचा मोह अनेकांना होतो. डेक्कन एक्सप्रेसला जून २०२१ पासून तो काचेचा डबा आहे, मडगावच्या जनशताब्दीलाही आहे. डबा सुंदर आहे, पण भाडं भारी आहे आणि आपल्या एकसंध तिकिटात तो बसत नाही. त्याची हौस वेगळ्या एखाद्या दिवशी, वेगळ्या तिकिटावर भागवा.

ऋतूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जुलैत ही फेरी सर्वांत देखणी आणि सर्वांत बेभरवशाची असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालवतात, दरड किंवा बोगद्यातलं पाणी यामुळे मार्ग बंदही पडतो. चार टप्प्यांचं आरक्षण असताना एक टप्पा कोसळला की पुढचे तीन ओढले जातात. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत डोंगर हिरवे असतात, दूधसागराला पाणी असतं आणि गाड्याही बऱ्यापैकी वेळेवर असतात. तोच काळ निवडा.

गणपतीच्या आधीच्या दिवसांत कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण काही मिनिटांत संपतं. पण त्याच दिवसांत कोकणाहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांत जागा असते. चक्र कोणत्याही दिशेने फिरवलं तरी भाडं तेच, म्हणून त्या आठवड्यात ते उलटं फिरवा. आधी पुणे, मिरज, बेळगाव, मग घाट उतरून गोवा आणि शेवटी कोकण. उलट्या दिशेला ब्रागांझा घाट दिवसा उतरणारी गाडी रोज असेलच असं नाही. तो वार आधी हेरा आणि बाकीच्या तारखा त्याच्याभोवती बसवा.

कोणत्या टप्प्याला पक्की जागा हवी आणि कोणता सैल सोडायचा, हेही निघण्याआधीच ठरवा. मांडवी आणि कोयना यांची आरक्षणं पहिल्याच दिवशी करा, कारण तो दिवसभराचा प्रवास आहे. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, त्यामुळे "बघू, होईल कन्फर्म" या भरवशावर राहू नका. बेळगाव ते मिरज मात्र काही तासांचा प्रवास. तो मोकळा ठेवलात तर बेळगावचा मुक्काम तुमच्या मर्जीने लांबवता येतो. तत्काळचा आधार शक्यतो घेऊ नका. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. एखाद्या टप्प्याची गाडी बदलावी लागली तर किती कपात होईल, हे आरक्षण करतानाच खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या.

सर्क्युलर तिकीट कागदी असतं आणि आठ-दहा दिवस खिशात राहून ते फाटतं, भिजतं. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरी कुणाला तरी पाठवा. तिकीट हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी त्यावरचा मार्ग आपल्या कागदाशी स्टेशनवार ताडून पाहा. विशेषतः लोंढा आणि मिरज ही दोन नावं त्यावर आहेत ना, ते बघा.